मुखवटा आणि चाल : हरसूल परिसरातील बोहाड्याच्या निमित्ताने

मराठी नाट्यपरीक्षणांत अभिनयाविषयी जे लिहिले जाते, त्यातील एक वाक्य वर्षानुवर्षे जवळजवळ बदललेले नाही. अमुक प्रसंगी नटाच्या 'चेहऱ्यावर भाव उमटले', असे ते वाक्य. त्यातील 'उमटणे' या क्रियापदाकडे क्वचितच कोणी लक्ष देतो. शिक्का उमटतो, पाऊल उमटते, तळहाताचा ठसा उमटतो. म्हणजे आधी कुठेतरी एक घडीव, पूर्ण झालेली वस्तू असते आणि नंतर तिची खूण दुसऱ्या पृष्ठभागावर राहते. भाव आत आधीच सिद्ध असतो, चेहरा हा केवळ त्याचा कागद आणि प्रेक्षक हा त्या कागदाचा वाचक, असा एक संपूर्ण अभिनयविचार या साध्या वाक्यात दडलेला आहे. तो इतका अंगवळणी पडला आहे की तो विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, याचेच विस्मरण झाले आहे.

याच विचाराची दुसरी बाजू म्हणजे 'मुखवटा' या शब्दाची मराठी समीक्षेत झालेली गत. मुखवटा म्हणजे खोटेपणा, मुखवट्यामागचा चेहरा म्हणजे सत्य, हे समीकरण कथा-कादंबरीच्या चर्चेत सर्रास वापरले जाते. मध्यमवर्गीय दांभिकतेवर लिहावयाचे झाले की मुखवटे गळून पडतात, फाटतात, उतरवले जातात. चेहऱ्याला सत्याचे स्थान दिल्यावर तो झाकणारी वस्तू असत्यच ठरणार, हे ओघाने आले. परंतु ज्या समाजात मुखवटा हाच देव असतो, तो धारण करण्यापूर्वी त्याची पूजा होते, आणि तो चढवल्यानंतर माणसाचे नाव बाजूला पडून सोंगाचे नाव त्याला लागते, त्या समाजाच्या अभिनयाचा अर्थ या समीकरणातून लावता येईल काय?

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हरसूल आणि त्याच्या भोवतालचे पाडे. तेथून पश्चिमेला जव्हार-मोखाड्याकडे आणि उत्तरेला पेठ-सुरगाण्याकडे पसरलेला डोंगराळ मुलूख. कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची ही वस्ती. होळी उलटली, शेतीची कामे संपली आणि पुढच्या पावसाला अवकाश असला की या टापूतील गावांमधून बोहाडा होतो. कुठे त्याला भोवाडा म्हणतात. देवीचा हा उत्सव रात्री सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. गणपती येतो, सरस्वती येते, मारुती, त्राटिका, रावण, नरसिंह, खंडेराव अशी सोंगे एकामागून एक येतात, आणि शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. सोंगांचे मान घराण्यांत वाटलेले असतात. आजाने नाचवलेले सोंग नातू नाचवतो. 'नाचवतो' हे तिथले क्रियापद आहे. सोंग करत नाहीत, वठवत तर नाहीतच, सोंग नाचवतात. एका क्रियापदाने कर्ता आणि कर्म यांचे नाते शहरी अभिनयविचाराच्या नेमके उलट केले आहे. येथे भूमिका नटाच्या आत शिरून चेहऱ्यावर उमटत नाही. भूमिका बाहेर, मुखवट्यात, आधीपासूनच आहे. नटाने तिला आपले शरीर द्यावयाचे आहे.

या रात्रीकडे नाटक म्हणून पाहू लागल्यास पहिली अडचण अशी की परीक्षणलेखकाची नेहमीची सामग्री येथे उपलब्धच नाही. डोळे दिसत नाहीत, कारण ते मुखवट्याच्या बारीक भोकांमागे आहेत. ओठ दिसत नाहीत. संवाद जवळजवळ नाहीत. बहुतेक सोंगे बोलत नाहीत. उरते ते खांद्यापासून खाली असलेले शरीर, त्याच्या हातातील आयुध, आणि संबळ व पिपाणी यांचा आवाज. तरीही गणपतीचे येणे मंगल वाटते, त्राटिका आली की पुढे बसलेली पोरे मागे सरकतात, आणि देवी-महिषासुराच्या वेळी, रात्रभर पेंगलेली माणसेसुद्धा उठून उभी राहतात. भाव पोहोचतो यात शंका नाही. तो कशाने पोहोचतो, हा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर त्या परिसराच्या आणि एकूणच मराठीच्या एका शब्दात सापडते. तो शब्द 'चाल'. मराठीत चाल म्हणजे पायांची गती. चाल म्हणजे गाण्याची किंवा वाद्याची धाटणी. चाल म्हणजे शत्रूवर जाणे. आणि चाल म्हणजे रीत, जशी 'आमच्याकडची चाल'. हे चारही अर्थ बोहाड्यात एकत्र नांदतात. सोंग बदलले की संबळाची चाल बदलते, ती बदलली की पायांची बदलते. पायांची बदलली की ते सोंग समोरच्या गर्दीवर कसे चालून येते ते ठरते. आणि हे सारे असेच का, याचे उत्तर 'तशी चाल आहे' एवढेच मिळते. भावाची घडण येथे चेहऱ्याऐवजी चालीत झालेली असते.

गणपतीची चाल पाहावी. पाऊल अर्धे पुढे, किंचित मागे, मग पुन्हा पुढे. धड डुलते, पण डोके डुलत नाही, कारण सोंडेचा भार सांभाळायचा असतो. भार सांभाळण्याच्या या व्यावहारिक गरजेतूनच सोंगाला पोक्तपणा येतो. रावणाच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. अनेक शिरांचा तो विस्तीर्ण साज अंगावर घेऊन वळणेच मुळात अवघड. म्हणून रावण मान वळवीत नाही, तो सगळाच्या सगळा वळतो. मान न वळवता अख्ख्या अंगाने वळणारा माणूस, हे गर्वाचे याहून नेमके चित्र कोणत्या भुवईने रेखाटले असते? मारुतीचे मात्र वजन तळपायात टिकतच नाही. देवीच्या आणि महिषासुराच्या प्रसंगी संबळाची लय चढत जाते, दोघांमधले अंतर कमी होते, पुन्हा वाढते, पुन्हा कमी होते. त्या अंतराच्या आकुंचन-प्रसरणातच क्रोध, भय, उत्साह यांची सगळी उलाढाल होते. दोन शरीरांमधील रिकामी जागा हे येथे अभिनयाचे साधन आहे. चेहऱ्यावर खिळलेल्या समीक्षेला ही जागा दिसणे शक्य नाही, कारण ती कोणा एकाच्या अंगावर नसते.

आता शास्त्राकडे वळता येईल. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चतुर्विध अभिनय सांगितले आहेत, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. गोदावरी केतकरांच्या ग्रंथामुळे आणि पुढे र. पं. कंगले यांच्या 'रस-भाव-विचारा'मुळे मराठी वाचकाला हे शास्त्र मातृभाषेत सुलभ झाले. परंतु मराठीत नाट्यशास्त्र वाचले गेले ते मुख्यतः रसचर्चेसाठी, म्हणजे काव्यशास्त्राचा पूर्वभाग म्हणून. नटाच्या शरीराचे व्याकरण सांगणारे अध्याय बहुधा पाने उलटून ओलांडले गेले. त्या अध्यायांत चेहऱ्याला मोठे स्थान आहे, हे खरेच. शिराचे तेरा प्रकार, छत्तीस दृष्टी, भुवयांचे सात, नाक, गाल आणि अधर यांचे प्रत्येकी सहा. शिवाय मुखराग, म्हणजे चेहऱ्याचा बदलता वर्ण, तो चार प्रकारचा. मुखरागावाचून इतर सारा अभिनय फिका पडतो, अशा आशयाचे भरताचे मत आहे. पण त्याच ग्रंथात चारींचे बत्तीस प्रकार आहेत, एकशे आठ करणे आहेत, आणि कोणत्या पात्राने, कोणत्या रसात, कोणत्या लयीने चालावे याचा स्वतंत्र गतिविचार आहे. राजा कसा चालतो, भ्यालेला कसा चालतो, म्हातारा कसा चालतो, हे भरताला डोळ्यांच्या खेळाइतकेच महत्त्वाचे वाटते. मराठी अभिनयविचाराने या दोन पारड्यांपैकी एकच उचलले.

मुखवट्याची सोयही भरताने केली आहे. प्रतिशीर्षांचा विचार आहार्यात येतो. म्हणजे मुखवटा हा वेशभूषेचा भाग. येथे मात्र बोहाडा शास्त्राला एक अडचण घालतो. मुखवटा चढवताच मुखराग संपतो, किंवा असे म्हणता येईल की एकच मुखराग रात्रभरासाठी कायम होतो. महिषासुराचा मुखवटा आला तेव्हा क्रुद्ध असतो आणि पडला तेव्हाही क्रुद्धच असतो. याचा परिणाम असा की चेहऱ्याकडे स्थायी भाव सोपवला जातो आणि संचारी भावांची सगळी जबाबदारी शरीरावर येते. मुखवटा 'क्रोध' एवढेच म्हणत राहतो. त्या क्रोधात शिरलेली शंका, थकवा, उसने अवसान, शेवटची उसळी हे सारे गुडघे, पाठ आणि पावले सांगतात. महिषासुर कोसळतो त्या क्षणी ही विभागणी ताणाच्या टोकाला पोहोचते. शरीर हरलेले असते आणि चेहरा अजून हरलेला नसतो. शिंगे रोखलेली, डोळे वटारलेले, दात विचकलेले, आणि खाली पाय दुमडलेले. चेहरा आणि शरीर परस्परविरुद्ध बोलत असल्यामुळे त्या दृश्यात असुराविषयी जी एक विचित्र करुणा उत्पन्न होते, ती उघड्या चेहऱ्याच्या नटाला साधणे कठीण, कारण त्याचा चेहरा शरीराबरोबर हरण्याचा मोह आवरू शकत नाही.

नंदिकेश्वराच्या नावावर असलेल्या 'अभिनयदर्पणा'त जी सुप्रसिद्ध साखळी आहे, तीही या संदर्भात पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे. हात जाईल तिकडे दृष्टी, दृष्टी जाईल तिकडे मन, मनाच्या ठिकाणी भाव आणि भावाच्या ठिकाणी रस, असा तो क्रम. ही साखळी नृत्याच्या वर्गांत इतकी घोकली गेली आहे की तिची सुरुवात मनापासून न होता हातापासून होते, हे लक्षात येत नाही. शरीर आधी, मन नंतर. 'आतून बाहेर' या उमटण्याच्या कल्पनेला हा क्रम सरळ छेद देतो. बोहाड्यात या साखळीतील दृष्टीचा दुवा काढून घेतलेला आहे, आणि हाताऐवजी पाऊल आरंभी आले आहे. तरी साखळी तुटत नाही. दृष्टीची ती गाळलेली कडी जोडण्याचे काम प्रेक्षक करतो.

हे नुसते म्हणणे नव्हे. मूकपटांच्या काळात रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव याने केलेला म्हणून जो प्रयोग सांगितला जातो, त्यात मोझुखिन या नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे कधी सुपाची थाळी, कधी शवपेटी जोडली होती, आणि प्रेक्षकांनी त्याच चेहऱ्यात कधी भूक, कधी शोक वाचला. चेहरा बदलला नव्हता; शेजार बदलला होता. जपानच्या नो रंगभूमीवरील नट लाकडी मुखवटा किंचित वर उचलतो तेव्हा तो उजळतो, किंचित खाली झुकवतो तेव्हा झाकोळतो. तेथेही लाकूड तेच असते, कोन आणि उजेड बदलतो. पॅरिसमध्ये १९२० च्या दशकात झाक कोपो याने आपल्या नाट्यशाळेतील विद्यार्थ्यांचे चेहरे झाकून त्यांना सरावाला लावले, कारण चेहरा उघडा असला की शरीर आळशी होते असा त्याचा अनुभव होता. आपल्याकडे सराईकेला आणि पुरुलिया येथील छाऊ मुखवट्याचा, तर मयूरभंजचा बिनमुखवट्याचा. पण मयूरभंजचा नर्तकही चेहरा जवळजवळ स्थिरच ठेवतो, हे पाहण्यासारखे आहे.

मात्र या परंपरांशी बोहाड्याची तुलना करताना भाबडेपणा टाळावयास हवा. नोचा नट बालपणापासून घराण्याच्या शिस्तीत तयार होतो आणि आयुष्यभर तेच करतो. हरसूलकडचा सोंग नाचवणारा वर्षभर नागली-वरईची शेती करतो, हंगाम संपला की अनेकदा मजुरीसाठी बाहेर पडतो, आणि वर्षातून एकदा सोंग घेतो. त्याचे शरीर तालमीने घडलेले नाही. ते चढ-उताराच्या वाटांनी, डोक्यावरच्या भाऱ्याने, चिखलातल्या लावणीने घडलेले आहे. म्हणूनच काही सोंगे थोर होतात आणि काही फसतात, हे कबूल करावे. वरच्या दर्जाचा नाच आणि नुसती उरकलेली फेरी यांतील फरक गावातील जाणत्या माणसाला लगेच कळतो. तो तसे बोलूनही दाखवतो. गावाजवळ परीक्षणाची भाषा आहे. शहरातून आलेल्या अभ्यासकाच्या टिपणवहीत तिच्यासाठी रकाना नसतो, एवढेच.

उजेडाचा मुद्दा येथे ओघाने आला आहे, तर त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. बोहाड्याचा मुखवटा टेंभ्याच्या उजेडासाठी घडलेला आहे. ज्योत हलते, तिच्याबरोबर नाकाची, भुवयांच्या उंचवट्याची, दातांच्या रांगेची सावली हलते, आणि स्थिर रंगवलेला चेहरा क्षणाक्षणाला निराळा भासतो. मुखराग संपला असे वर म्हटले, त्यात एवढी दुरुस्ती करावयास हवी. नटाचा मुखराग संपतो, ज्योतीचा सुरू होतो. पुष्कळ ठिकाणी आता विजेचे प्रखर दिवे लावले जातात. त्यात मुखवट्याचे रंग छान दिसतात आणि मुखवटा मरतो. सोय झाली याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही. पण सपाट उजेडात शरीरावरचा भार वाढतो, आणि तो पेलण्यासाठी नाच अधिक आक्रमक होतो, हा बदल नोंदवणे हे समीक्षेचे काम आहे.

सर्वांत अवघड प्रश्न सात्त्विक अभिनयाचा. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव. यांपैकी वैवर्ण्य आणि अश्रू मुखवट्याखाली पूर्णपणे झाकले जातात. स्वरभेदाला अवकाश नाही. रोमांच रात्रीच्या अंधारात कोणाला दिसणार? स्वेद असतो, पण तो नाचाच्या श्रमाचा की भावाचा, हे सांगता येत नाही. उरतात तीन : स्तंभ, वेपथू आणि प्रलय, म्हणजे थिजणे, थरथरणे आणि कोसळणे. बोहाड्याची सगळी उत्कटता या तिघांवर उभी आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. संबळ चढत असताना देवीचे सोंग एकाएकी थबकते, तो स्तंभ. मग खांद्यांपासून हातातल्या शस्त्रापर्यंत उतरणारी थरथर, तो वेपथू. आणि महिषासुराचे पडणे, तो प्रलय.

येथेच समीक्षक घाईने म्हणतो की हा अभिनय नव्हे, हे अंगात येणे आहे. एकदा 'विधी' असा शिक्का मारला की नट नाहीसा होतो. उरतो तो श्रद्धेचा वाहक, मानववंशशास्त्राचा विषय. या शिक्क्याला सरसकट नाकारणेही बरोबर नाही. देवीचे सोंग घेतलेल्याला वारे येते, त्याला सावरायला माणसे पुढे होतात, हे त्या रात्रीचा भाग आहे आणि गावाला त्यात काही खोटे वाटत नाही. परंतु भरताने सत्त्वाची व्याख्या करताना ते मनापासून उत्पन्न होते आणि एकाग्र झालेल्या मनाखेरीज साधत नाही, असे सांगितले आहे. म्हणजे अश्रू किंवा कंप हे आवरता न येणारे स्फुरण नाही. ते समाहित चित्ताचे फळ आहे. सोंग नाचवणाऱ्याची थरथर संबळाच्या लयीत असते. त्याच्या डोक्यावर जड मुखवटा आहे, भोके बारीक आहेत, पायाखालची जमीन उंचसखल आहे, समोर गर्दी आणि पेटते टेंभे आहेत. अशा स्थितीत जो थरथरतो आणि तरी ताल सोडत नाही, त्याच्या एकाग्रतेला अभिनय म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? फ्रेंच विचारवंत दिदरो याने थोर नट स्वतः काही अनुभवत नाही असे प्रतिपादन केले, तर स्तानिस्लाव्हस्कीने अनुभवाकडे नेणारी वाट शोधली. दोघांच्याही वादात नटाचे 'मी' गृहीत धरलेले आहे. देवीचे सोंग घेतलेल्याला तुला खरेच काही वाटत होते का, असे विचारणे व्यर्थ, कारण वाटणे हे त्या रात्रीपुरते त्याच्या एकट्याच्या मालकीचे नसते. ते संबळ, मुखवटा, गर्दी आणि त्याचे पाय यांच्यात वाटलेले असते.

मराठी रंगभूमीचा आरंभ या सगळ्यापासून फार दूर नव्हता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्या परंपरेच्या नाटकांत आरंभी गणपती येई, मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई, आणि राक्षस आरडाओरडा करीत प्रवेश करीत. या 'अललडुर्र' नाटकांची पुढे यथेच्छ थट्टा झाली. गणपती, सरस्वती आणि मग असुर, हा क्रम बोहाड्यात आजही दिसतो, ही गोष्ट थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात आली नाही. पुढे संगीत नाटकाने गळ्याला सिंहासनावर बसवले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'ने वास्तववादी अभिनयाचा पायंडा पाडला, आणि त्याच संस्थेशी निगडित के. नारायण काळे यांनी पुढे स्तानिस्लाव्हस्कीचा ग्रंथ 'अभिनयसाधना' या नावाने मराठीत आणला. या साऱ्याचे मोल मोठे आहे. परंतु दिवाणखान्याच्या नेपथ्यात खुर्चीवर बसलेल्या पात्राला पायांचे काम उरले नाही, ही त्याची दुसरी बाजू. 'नटसम्राट'मध्ये १९७० साली आप्पासाहेब बेलवलकर उभे करणाऱ्या श्रीराम लागूंनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'वाचिक अभिनय' असावे, हे आकस्मिक नाही. तितक्याच अधिकाराने 'आंगिक अभिनय' या विषयावर लिहिलेले, तितकेच वाचले गेलेले मराठी पुस्तक पटकन आठवत नाही.

अपवाद आहेत, आणि सर्वांत मोठा अपवाद १९७२ चे 'घाशीराम कोतवाल'. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यलेखन यांतून उभ्या राहिलेल्या त्या प्रयोगात माणसांची भिंत डुलते, फुटते, पुन्हा सांधते, आणि मोक्याच्या क्षणी प्रेक्षकांकडे पाठ फिरवते. ती फिरवलेली पाठ जेवढे सांगते तेवढे क्वचितच एखादा चेहरा सांगेल. नाटकाविषयी वाद इतिहासाचा, जातीचा, राजकारणाचा झाला. पाठींविषयी फार थोडे लिहिले गेले. तारा भवाळकरांनी आपल्या ग्रंथाच्या 'लोकनागर रंगभूमी' या शीर्षकातच जे दोन शब्द एकत्र सांधले, ते अभिनयाच्या चर्चेत अजून विभक्तच आहेत.

याला एक वाजवी आक्षेप घेता येईल. बोहाड्यात ठळक, मोठ्या, आधीच ठरलेल्या भावांनाच वाव आहे; लपवलेली लाज, अर्धवट सुचलेला संशय, बोलता बोलता मनात बदललेला निर्णय हे मुखवट्याच्या रंगभूमीला पेलणार नाही. हा आक्षेप मान्य करावा लागतो. आप्पासाहेब बेलवलकर मुखवट्यात मावणार नाहीत. आपल्याशीच भांडणारे मन हा आधुनिक नाटकाचा शोध आहे आणि त्याला उघडा चेहरा हवा. पण एवढ्यावरून शरीर हे स्थूल भावांचे आणि चेहरा हा सूक्ष्म भावांचे माध्यम, असा निष्कर्ष निघत नाही. मराठी भाषाच त्याला साक्ष देत नाही. माणूस खचतो तेव्हा मराठीत त्याची कंबर खचते. धीर सुटतो तेव्हा हातपाय गळतात. भीतीने पोटात गोळा येतो. निघवत नाही तेव्हा पाऊल जड होते. अपराधी वाटते तेव्हा मान खाली जाते. सुटका झाली की अंग हलके होते. यांतील जड झालेले पाऊल काही स्थूल भाव नव्हे. निरोपाच्या क्षणातील जाणे आणि थांबणे यांची ओढाताण त्यात पुरती आली आहे. बोलणाऱ्यांनी जे पायांत, पाठीत आणि पोटात ओळखले, ते नाट्यपरीक्षण लिहिताना पुन्हा चेहऱ्यावर आणून ठेवले जाते.

याचे परिणाम केवळ शब्दांपुरते राहत नाहीत. बोहाड्याला शहरी महोत्सवात बोलावले जाते तेव्हा मिनिटांत मोजलेला वेळ दिला जातो, आणि तेवढ्यात शक्य तितकी सोंगे दाखवावी अशी अपेक्षा असते. साहजिकच सोंगे एकामागून एक येतात, ओळखली जातात आणि जातात. चाल मुरायला जो अवधी लागतो तोच कापला जातो. चौकटीच्या रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला असल्याने सोंगाला चालून जाण्यासाठी कोणी समोर नसते. ते डावीकडून उजवीकडे जाते. मुखवटेही विकत घेतले जातात आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगले जातात. ज्या वस्तूने चेहऱ्याचे महत्त्व कमी करून शरीराला बोलते केले, तीच वस्तू शरीरावेगळी होऊन पुन्हा एक चेहरा बनते.

दस्तऐवजीकरणाचीही हीच तऱ्हा आहे. बोहाड्याची जी छायाचित्रे नियतकालिकांत आणि प्रदर्शनांत पाहायला मिळतात, त्यांत मुखवटा अगदी जवळून टिपलेला असतो : रंग, शिंगे, जीभ, आरशाचे तुकडे, सारे स्पष्ट. चौकट बहुधा छातीपाशी संपते. संबळवाला चित्रात नसतो. महिषासुर आणि देवी यांच्यातले अंतर चित्रात नसते, कारण दोघांची चित्रे वेगवेगळी काढलेली असतात. आणि ज्या पावलांवर ते सोंग रात्रभर उभे होते, ती धुळीने भरलेली अनवाणी पावले चौकटीच्या खाली, कागदाबाहेर राहिलेली असतात.